पाटकऱ्याची किल्ली

आमच्या चारीवर पाणी वाटणारा पाटकरी मोटारसायकल पाण्याच्या वेगानं चालवतो. कालव्याचं पाणी सुटलं की त्याच्या बरोबरीनं, पहिल्या गिअरवर, शेताशेताशी ओरडत येतो, "आलं वो, आलं!" नावानं त्याला कुणीच हाक मारत नाही.

आमचं शेत चारीच्या पार शेवटाला. मागच्या दोन्ही पाळ्यांचं पाणी वरच्या शेतकऱ्यांनीच संपवलं. आमच्या कांद्यानं माना टाकल्या. या पाळीला पाटकरी पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी शेवट भिजंल, मग वर." लोक हसले. चारीवरचं सगळ्यात पहिलं शेत त्याचंच!

परवा भर दुपारी ती आरोळी कानावर आली आणि मी फावडं घेऊन पळत सुटलो. पाणी खरंच आलं होतं, फेसाळत, पाचट ढकलत! मी गुडघाभर चिखलात उभा राहून वेड्यासारखा हसत होतो. त्यानं गाडी लावली आणि माझ्या ओल्या हातात एक किल्ली ठेवली.

"माझ्या शेतात पाणी घ्यायच्या गेटला कुलूप घातलंय. तुमचं समदं भिजलं की आणून द्या."

"अहो, तुमच्याकडंच राहू द्या की."

"नगं. माझा ऊस बी वाळलाय. माझाच मला भरवसा न्हाई."