जावईबापूंची तांब्याची गोळी

आमच्या घराण्यात जावयाला बोलायचं नाही. जावई जेवताना तूप सांडेल, पाट मोडेल, सासऱ्याची बंदूक बिघडवेल, आपण म्हणायचं, "असू दे हो, अजून एक पोळी घ्या." ही रीत कुणी काढली ठाऊक नाही. तो स्वतः कुणाचा तरी जावई असणार.

सफाळ्याच्या आत, डोंगराकडच्या अंगाला आमच्या काकाची भातशेती आहे. मी नोकरीपायी सालवडला राहतो. शेतीतलं मला खाण्यापुरतं कळतं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात आणि खातात त्याच्या चौपट लोळून नासवतात. त्यासाठी काकाकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या रीतसर परवान्याची. ठासणीची म्हणजे तिला काडतूस नसतं. दर वेळी तोंडाकडून दारू नि काथ्या घालून लांब गजाने हाताने ठासायची. काका गोळी मात्र कधीच घालत नसे. शेतातल्या माळ्यावर बसून आभाळाकडे नुसता बार काढायचा. डुकरं पळत, कोल्हेकुई थांबत असे आणि शेजारच्या पाड्यावरची माणसं म्हणत, "म्हातारा जागा हाय." ठासताना त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालत नसे. मी एकदा मध्येच "चहा घेतोस का?" विचारलं, तर सगळं परत काढून पहिल्यापासून ठासायला बसला. चहा मीच प्यायलो.

काकाचे जावई बोईसरला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. हुशार माणूस. मोबाईलवर परदेशातले शिकारी बघतात. ती माणसं म्हणे घरात टेबलावर बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, दारू सोन्यासारखी तोलतात, आणि अलीकडे शिशाची गोळी सोडून भरीव तांब्याची वापरतात. दसऱ्याला जेवायला आले तेव्हा त्यांनी पेढ्यांचा एक बॉक्स काकापुढे ठेवला. आत पेढे नव्हते. कापसावर तांब्याच्या गोळ्या ठेवल्या होत्या, लेथवर कातलेल्या, निमुळत्या, आरशासारख्या चकचकीत.

"बाबा, शिसं विषारी असतं," जावईबापू म्हणाले. "जनावराच्या मांसात त्याचा भुगा राहतो. तांब्याचा कण सुटत नाही. परदेशात आता सगळे हेच वापरतात."

"पन मी शिसं घालतोच कुठं?" काका म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. घालूच नका."

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडाकडे पाहिलं. डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते, ती काकाकडे नाही, त्याला नको आहे, आणि मुळात मारायचंच नाही तर विष कुठल्या मांसात जाणार, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण माझा राग नेहमी जेवणानंतर येतो आणि तोवर मला झोप येते. काकाने तो बॉक्स बंदुकीशेजारी पूजेत ठेवला, वर झेंडूचं फूल वाहिलं आणि विषय मिटवला. निदान आम्हाला तसं वाटलं.

पुढे निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. नेण्याआधी काका नळीत गज सोडून बघतो. गज तळाला टेकला की बंदूक रिकामी. त्या सकाळी मी तिथेच होतो. गज अर्ध्यावर टणकन थांबला. काकाने तो काढला, पुन्हा सोडला. पुन्हा टण. म्हाताऱ्याचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं त्याला चक्कर येते आहे.

"आत कायतरी हाय," तो म्हणाला. "आनि मी घातलेलं नाय."

पेढ्यांच्या बॉक्समध्ये एक गोळी कमी होती.

मी जावईबापूंना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हां दादा, ते सांगायचंच होतं. दसऱ्याला बाबा जेवून पडले होते ना, तेव्हा दारू घालून जरा ट्राय केली. शिसं मऊ असतं, तांबं दबत नाही, त्यामुळे थोडी टाईट गेली. मग म्हटलं राहू दे."

राहू दे! खाली दारू, अर्ध्यावर अडकलेली गोळी, आणि बंदूक परत खुंटीला! मधल्या दिवसांत डुकरं आली असती तर काका नेहमीसारखा वरून दारू ठासून बार काढणार, आणि नळी त्याच्या तोंडावर फुटणार. माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोनवर मी म्हणालो, "बरं, बरं. जेवलात का?"

काकाने नळीच्या बुडाकडच्या छिद्रातून पाणी सोडून आतली दारू भिजवून मारली. मग म्हणाला, "चल ठाण्यात."

"काका, तिथं विचारतील कोणी घातली म्हणून."

"विचारू दे."

त्यातली अडचण आम्हा दोघांनाही कळत होती. परवाना काकाचा. दुसऱ्याने बंदूक भरली असं सांगितलं तर जावई अडकणार. काकाने 'मीच भरली' म्हटलं तर परवाना जाणार, आणि भाताच्या ऐन दिवसांत बंदूक गेली की काय उरेल ते डुकरं ठरवणार.

जावईबापू बोईसरहून मोटरसायकलने थेट ठाण्यावर आले. मदतीला म्हणून. आणि बाहेर झाडाखाली उभे राहिले.

हवालदाराने नळीत बॅटरी मारून बघितलं. "आजोबा, हे काय ठोकलंय आत?"

"तांब्याची गोली हाय. दारू मारलीय, भिऊ नका."

"तुमची पीकसंरक्षणाची ना? मग गोळी कशाला? आणि घातली कोणी?"

काकाने दाराबाहेर पाहिलं. जावईबापू मोबाईल बघत होते.

"मी," काका म्हणाला.

"तुम्ही? या वयात?" हवालदार हसला आणि आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "अहो, या बघा! आजोबांनीही मोबाईलवर बघून तांब्याची गोळी ठासलेली दिसते. अर्ध्यावरच बसली." दोघंतिघं येऊन नळीत डोकावून गेले. काका बाकावर मान खाली घालून बसला होता. बंदूक आता निवडणुकीनंतरही परत मिळणार नाही, परवान्याचं वर कळवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. काका सगळ्याला "हो" म्हणाला.

बाहेर येताच जावईबापू म्हणाले, "बाबा, काळजी करू नका, मी अर्ज टाईप करून देतो. उन्हातून आलात, रस घेऊ या?"

आता बोलायचंच, असं मी ठरवलं. छाती भरून श्वास घेतला. म्हणालो, "बिनबर्फाचा सांगा."

परतताना आम्ही रिक्षा केली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते काकाला सुचत नव्हतं. मी जावयाच्या सात पिढ्या काढल्या. रिक्षात मी फार शूर असतो.

"परवान्याचं सोड," तो एकदम म्हणाला. "थाळा बडवू, रॉकेलचा डबा बडवू, भात वाचंल तेवढं वाचंल. पन तो हवालदार काय म्हनाला, ऐकलास ना? मोबाईल बघून! मला! मी ठासताना चुकलो, असं आता सगल्या ठान्याला वाटतं."

"मग आत्ता मागे फिरू आणि खरं सांगू."

"नको," काका म्हणाला. "पोरगी तिथं नांदते."

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी माळ्यावर बसून डबे बडवले. डुकरांनी दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडे न बघताच जेवू लागली. ओढ्याकडची सगळी खाचरं गेली. जावईबापू दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, "यंदा भात कमीच दिसतंय." काकूने त्यांना अजून एक करंजी वाढली.

मी बोललो नाही. आजही बोलणार नाही, माझी ती बिशाद नाही. म्हणून इथे कुणाचं नावही घातलेलं नाही. पण काकाने जन्मात कधी बंदुकीत गोळी घातली नाही आणि ठासताना तो एकदाही चुकला नाही, एवढं मी लिहितो. ठाण्यातल्या कुणी वाचलं तर बरं होईल.