काजूवरची मुंगी

जगाच्या कलेचा इतिहास शिकायला आमच्या विद्यापीठात आजवर जितकी माणसं आली असतील, त्या सगळ्यांत अधिक सुतकी चेहऱ्याने शिकलेला माणूस म्हणजे माझे बाकशेजारी. वय पंच्याहत्तर, राहणार लालबाग, नोकरी एके काळी एका कापड गिरणीच्या डिझाइन खात्यात. एम.ए.च्या पहिल्या दिवशी अँटॉप हिलहून फोर्टात पोचायला मला उशीर झाला, आणि वर्गात रिकामी जागा फक्त यांच्या शेजारी उरली होती. ती का उरली ते दहा मिनिटांत कळलं. मॅडमनी इजिप्तच्या एका राजाचा पुतळा पडद्यावर आणला, तोच या काकांचा हात वर. "कोणी घडवला?" मॅडम म्हणाल्या, "अज्ञात." "पण राजाचं नाव आहे ना?" "हो, आहे." "मग घडवणाऱ्याचं का नाही? तिथे मस्टर नव्हतं काय?" वर्ग खो खो हसला. काका हसले नाहीत. त्यांनी वहीत 'अज्ञात, एक' असं शिस्तीत लिहिलं आणि मयताला आल्यासारखे मान खाली घालून बसले.

पुढची दोन वर्षं हे असंच चाललं. मॅडम आम्हाला मेक्सिकोच्या मडक्यांपासून आफ्रिकेच्या मुखवट्यांपर्यंत जगभर फिरवून आणायच्या, आणि प्रत्येक मुक्कामी काका कोण्या अनोळखी माणसाचा दुखवटा पाळायचे. स्पेनच्या राजवाड्यातल्या नक्षीदार फरशा पाहून आम्ही सगळे 'वाव' म्हणत होतो, तर हे माझ्या कानाशी, "नक्षीचा रिपीट कुठे जुळवलाय बघ. जुळवणाऱ्याचे डोळे गेले असतील गो." आख्ख्या अभ्यासक्रमात त्यांना बरं वाटलं ते एकदाच, जपानी छापचित्रांच्या तासाला. चित्र काढणारा वेगळा, लाकडावर कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणजे खातं आमच्यासारखंच!" मग कोरणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा सापडत नाही असं मॅडम म्हणाल्या, आणि वहीतला आकडा आणखी एकाने वाढला. सकाळी भेटल्यावर 'कसे आहात' विचारायची सोय नव्हती. चाळीत कोण गेलं, कोण जायच्या बेतात आहे, आणि आपला नंबर कितवा, एवढं सगळं ऐकून घ्यावं लागायचं.

त्यांच्या खिशात सुताचे धागे मोजायचं घडीचं पितळी भिंग असे. गिरणीतून एवढंच काय ते बरोबर आलं, म्हणायचे. ते भिंग ते पुस्तकातल्या चित्रांना लावायचे, कॅन्टीनच्या टेबलक्लॉथला लावायचे, आणि एकदा चक्क माझ्या ओढणीला लावून म्हणाले, "फसवली तुला." त्याच आठवड्यात मला आतेबहिणीच्या लग्नाला साडी घ्यायची होती, म्हणून मी मूर्खासारखी त्यांना हिंदमाताच्या साडीबाजारात घेऊन गेले. काकांनी चाळीस साड्या उलगडायला लावल्या, प्रत्येकीची उलटी बाजू पाहिली आणि प्रत्येकीबद्दल खेद व्यक्त केला. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, साडी घ्यायचीय की पंचनामा करायचाय?" काकांनी शांतपणे विचारलं, "ही बुट्टी कोणी काढली?" "कंपनीने." "कंपनीला हात असतात काय रे?" त्या दुकानात मी आजही तोंड दाखवत नाही.

आणि काजू. हा मालवणकडचा माणूस काजू खात नसे. माझ्या वाढदिवसाला मी डब्यातून काजूकतली नेली, तर त्यांनी कतलीकडे अशी नजर टाकली की मीच डबा मिटला. मला वाटलं, मधुमेह असेल.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मॅडमनी कापडाचा विषय काढला. परदेशातल्या एका संग्रहालयातलं वस्त्र पडद्यावर आलं. पूर्व आफ्रिकेतल्या बायका जोडी करून एक कमरेला, एक खांद्यावर घेतात त्यातलं, लालभडक, आणि त्यावर फळासकट लटकणारे काजू. दर ओळीतल्या एका काजूवर काळा ठिपका होता. मॅडमनी संग्रहालयाचा फलक वाचून दाखवला. "पूर्व आफ्रिका. कलाकार अज्ञात. काजूवरची मुंगी हे बहुधा समूहशक्तीचं प्रतीक असावं." माझ्या शेजारी बाक करकरला. काका उभे राहिले होते. भिंग हातात. "मॅडम, ता प्रतीक-बितीक काय नाय. हुमलो आसा तो. खरो हुमलो." एरवी वर्गात प्रमाण मराठी बोलणारा माणूस थेट मालवणीत घुसला, तेव्हा मी हसायचं विसरले. बाकीचे पोट धरून हसत होते. काका वही न घेताच बाहेर पडले.

मी वही घेऊन मागे गेले. ते जिन्यावर बसले होते. तिथे मला भिकाजी रामा घाडी कळले. डिझाइन खात्यात हे दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसायचे, आणि काकांच्या मते भिकाजीसारखा हात त्या गिरणीत दुसरा नव्हता. आफ्रिकेच्या गिऱ्हाइकाला कापडावर काजू हवे होते. भिकाजी गावाहून पानासकट काजूची फांदी घेऊन आला, समोर ठेवून आठ दिवस चित्र काढत बसला. फांदीतून एक हुमलो, म्हणजे त्यांच्या गावाकडची ती कडकडून चावणारी तांबडी मुंगी, निघाला आणि ओल्या शाईत चिकटला. कागद गेला कोरणी खात्यात. तिथला रिवाज असा की कागदावर असेल ते तांब्याच्या रुळावर उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही. कोरणाऱ्याने इमानाने मुंगी कोरली, सहा पायांसकट. हजारो वार कापड छापून, गाठी बांधून माझगावच्या गोदीत गेल्यावर साहेबाला मुंगी दिसली. कागदावर सही भिकाजीची. त्याला डिझाइन खात्यातून काढून गाठी बांधायला पाठवलं. आणि चार महिन्यांनी तिकडून पत्र आलं, 'तोच मुंगीवाला माल पुन्हा पाठवा.' "बायकांना आवडला गो," काका म्हणाले. "मग तोच रूळ परत चढवला. आपल्याच काजूंच्या गाठी भिकाजी बांधत बसला. पुढे संप झाला, तो गावी गेला आणि गेलाच." त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. त्या फलकावरचं 'अज्ञात' पुसून तिथे भिकाजीचं नाव यावं.

मी संग्रहालयाला मेल पाठवली. उत्तर सभ्य होतं, लेखी पुरावा पाठवा. पुरावा कुठून आणायचा? गिरणीच्या जागी आता एवढा उंच टॉवर आहे की खालून पाहताना काकांची टोपी पडते, आणि डिझाइनचे कागद केव्हाच रद्दीत गेले. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "काका, तुमचा प्रबंध यावरच लिहा. विद्यापीठात दाखल झाला की तोच पुरावा." काका सगळं सोडून लिहायला बसले. ग्रंथालयात सगळ्यांत आधी हजर, भिंग डोळ्याला अधिकाधिक चिकटत चाललेलं. काचबिंदूने नजर उतरत होती आणि ते कुणाला सांगत नव्हते. सगळं लिहून झालं, एक पान सोडून. ते पान महिनाभर कोरं होतं. मी वैतागून म्हटलं, "काका, आता काय मुंगीची जन्मपत्रिका लिहायचीय?"

दुसऱ्या दिवशी ते पान त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं: 'कागद कोरणी खात्यात नेण्याचे काम माझे होते. मुंगी मी पाहिली होती. ती अजून हलत होती. फुंकर मारली असती तर सुटली असती. आफ्रिकेचे काम साहेबांनी मला न देता भिकाजीला दिले होते. मी फुंकर मारली नाही.'

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन वर्षं जगातल्या तमाम अज्ञातांसाठी सुतक पाळणारा हा माणूस! दोन दिवस मी दुसऱ्या बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची रिकामी जागा बघवेना, म्हणून परत आले. त्यांनी आपली वही थोडी बाजूला सरकवली.

प्रबंध दाखल झाला. संग्रहालयाला पाठवायचा इंग्रजी गोषवारा करायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या परीक्षा चालू होत्या, मी घाईत होते. वर मोठ्या अक्षरात काकांचं नाव, भिकाजीचं नाव पार तिसऱ्या पानावर. पाठवताना एकदा वाटलं होतं, हे नीट दिसत नाही, बदलावं. म्हटलं, जाऊ दे, कळेल त्यांना. महिन्याने संग्रहालयाने नव्या फलकाचा फोटो आनंदाने पाठवला. कलाकार म्हणून त्यावर माझ्या बाकशेजाऱ्यांचं नाव होतं.

मी त्यांना ते वाचून दाखवलं. काकांनी ऐकलं, भिंग मिटलं आणि म्हणाले, "दुसऱ्यांदा." एवढंच. मी रडले, माफी मागितली. "तू कशाला रडतंस, चेडवा? घाई सगळ्यांनाच असते," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयात यायचे बंद झाले. पदवी घ्यायलाही आले नाहीत. मी मात्र मेलमागून मेल पाठवत राहिले. माझ्या आयुष्यात मी एवढ्या चिकाटीने नोकरीसाठीही अर्ज केलेले नाहीत.

गेल्या महिन्यात उत्तर आलं. मी लालबागला गेले. काका खिडकीशी बसले होते, आता त्यांना फक्त उजेड कळतो. मी मोबाइलवरून वाचलं. "छापील वस्त्र. मुंबईत छापलेलं, पूर्व आफ्रिकेत वापरलेलं. रचना, भिकाजी रामा घाडी. काजूवरची मुंगी खरी होती."

"परत वाच गो."

मी तीनदा वाचलं.

"माझा नाव खंय नाय मा?"

"कुठेच नाही, काका."

"बरा झाला." मग म्हणाले, "सांगूचा कोणाक आता? गावाक त्याचा कोण नाय."

येताना मी काजू आणले होते, का ते मलाही धड ठाऊक नाही. पुडी उघडली तसा वास आला असावा, कारण त्यांनी हात पुढे केला. मी एक काजू तळहातावर ठेवला. काकांनी तो बोटांनी सगळीकडून चाचपला, तोंडाजवळ नेला आणि त्याच्यावर हलकेच फुंकर मारली.