एकच विरजण

लसीकरण केंद्रावर परवा एक आई जुळ्या मुलींना घेऊन आली. चेहऱ्याने बहिणीही वाटू नयेत अशा त्या दोघी. मागच्या आठवड्यात दोघींना एकच लस टोचली होती. थोरलीला ताप आला, धाकटी मात्र खेळत राहिली. आईला काळजी धाकटीची.

"सिस्टर, हिला लस लागलीच नाही. परत टोचा."

"अहो, ताप नाही आला तरी लस काम करते," सिस्टर म्हणाल्या. "प्रत्येकीचं अंग वेगळं."

मुलांच्या रक्ताचे नमुने न्यायला मी तिथे गेले होते. सिस्टरांच्या या एका वाक्यावर तर आमची प्रयोगशाळा चालते. घरी मी एकाच विरजणाने दोन भांड्यांत दही लावते. म्हशीच्या दुधाचं घट्ट लागतं, गाईच्या दुधाचं सैलसर. तेव्हा विरजणाला कोणी नावं ठेवत नाही, दूध कुठलं ते विचारतात. आम्ही तेच विचारतो. लस कुणाच्या अंगात किती मुरते, किती टिकते, याचं थोडंफार उत्तर मुलांच्या जनुकांत असतं, आणि ते आता रक्तातून वाचता येतं.

मी आईला हे सांगितलं. तिने धाकटीकडे पाहिलं.

"म्हणजे हिच्या आत काय चाललंय ते कळेल?"

"लगेच नाही. पण अशा पुष्कळ मुलांचं रक्त पाहिलं की बरंच कळेल."

"मग दोघींचंही रक्त घ्या," ती म्हणाली आणि धाकटीची बाही वर सारली. आईला धाकटीसाठी आणखी एक सुई हवीच होती. ती मिळाली, फक्त ही सुई काही द्यायला नव्हती, विचारायला होती.