तणमोराच्या अकरा उड्या

साताऱ्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं काम केलं. भुताखेताची बातमी आली की वार्ताहराला तीनच प्रश्न विचारायचे – कोणी पाहिलं, किती वाजता, किती अंतरावरून? उत्तरं मिळत नसत आणि बातमी कचऱ्यात जाई. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हणून खाली जे लिहिते आहे, त्यातली प्रत्येक गोष्ट याच तीन प्रश्नांवर तपासून घेतली आहे.

सातारा आणि सांगलीतल्या पक्षीनिरीक्षकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ॲडमिन दोघं – एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले निकम साहेब आणि मी. आमची पक्ष्यांची यादी आहे. दुर्मीळ पक्षी दिसला तर फोटो हवा. फोटो नसेल तर नोंद नाही. हा नियम मीच लिहिला होता.

ग्रुपवर पलूसचे दस्तगीर मुलाणी होते. बाजारात छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायचे. एका निवृत्त फौजीकडून घेतलेली जुनी दुर्बीण आणि शंभर पानी वही, एवढंच त्यांचं सामान. कॅमेरा नव्हता. सगळे त्यांना चाचा म्हणत.

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी त्यांचा फोन आला.

“ताई, तणमोर बगितला. नर हाय, काळा कुळकुळीत, डोस्क्यामागं तुरं. गवतातनं वर उडतोय आन् दगडागत खाली पडतोय. अकरा येळा मोजलं.”

तणमोर म्हणजे गवताळ माळावरचा, आता फार क्वचित दिसणारा पक्षी. मी अंतर विचारलं. साठ पावलं, म्हणाले. पलूसच्या पूर्वेला एक माळ आहे, तिथली नेमकी जागाही सांगितली. “ही फकस्त तुमास्नी सांगितली. ग्रुपवर नगा टाकू, ल्वाक गवात तुडवून काढत्याल.”

मी जागा वगळून मेसेज टाकला. निकमांनी विचारलं, फोटो कुठाय? मग लिहिलं – “चाचा, छत्रीतून बघितलंत का? टिटवी असेल.” खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी लिहिलं – “फोटोअभावी नोंद नामंजूर.”

तिसऱ्या दिवशी निकमांचा फोटो आला. गवताच्या वर पुरुषभर उंचीवर, पाय पोटाशी घेतलेला तणमोर. मागे पवनचक्की. खाली ओळ – आपल्या यादीतला पहिला तणमोर, निरीक्षक जयवंत निकम. चाचांचं नाव कुठेच नव्हतं. अभिनंदनाचे मेसेज संध्याकाळपर्यंत येत होते.

चाचांचा पुन्हा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “त्यांचा फोटू खरा हाय, ताई. मग माजं डोळं खोटं कसं?” मी दुरुस्ती करायचं कबूल केलं. निकमांना फोन लावला, तर ते म्हणाले, “मॅडम, नियम तुमचाच आहे.” मी विषय सोडून दिला... आठवड्याने चाचांनी शेवटचा फोन केला. “माज्या डोळ्यानं नोंद हुईत न्हाई, तर कॅमेऱ्यानंबी हुयाची न्हाई. तुमी बगा.”

दिवाळीनंतर ते हृदयविकाराने गेले. ग्रुपवर हात जोडलेली चिन्हं आली. निकमांचंही एक होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण मायणीच्या तलावावर गेलो. सकाळचे आठ, स्वच्छ ऊन, चाळीस-पन्नास फुटांवर चक्रवाकांची जोडी. निकमांनी वीसेक फोटो काढले. स्क्रीनवर पाणी होतं, चिखल होता, चक्रवाक नव्हते. कार्ड बदललं, लेन्स बदलली – तेच. मी त्यांचा कॅमेरा घेऊन बटण दाबलं, तर चक्रवाक आले. त्यांनी माझा कॅमेरा घेऊन दाबलं, तर नुसतं पाणी. नऊ जणांनी हे पाहिलं. पुढे पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्यात दोष नसल्याचं लिहून दिलं.

निकम तरीही नोंदी पाठवत राहिले. दर वेळी कोणीतरी विचारायचं, “साहेब, फोटो?” आणि चाचांना लिहिलेली तीच ओळ मी कॉपी करून टाकायची – फोटोअभावी नोंद नामंजूर. अशी चौदा वेळा टाकली. मला बरं वाटायचं, हे लपवत नाही.

शेवटी ते माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही. “मॅडम, काय करू सांगा.” मी म्हटलं, सगळ्यांसमोर खरं सांगा.

मलकापूरला एका हॉलमध्ये ग्रुपची वार्षिक सभा होती. पहिल्या रांगेत चाचांची मुलगी शबाना, मांडीवर वडलांची वही. निकम उभे राहिले. म्हणाले, “तणमोर आधी मुलाणी चाचांनी पाहिला. मी त्यांच्या जागेवर जाऊन फोटो काढला, वर त्यांचीच थट्टा केली.” मग पडद्यावर तो फोटो लावायला सांगितला.

गवत आलं. पवनचक्की आली. आभाळ आलं. तणमोर नव्हता.

लोकांनी आपापले फोन उघडले. प्रत्येकाकडचा फोटो तसाच होता. मागून कोणीतरी म्हणालं, फोटोच नाही म्हटल्यावर नोंदच रद्द होणार. शबाना उठली. वही उघडून तिने वाचलं – “तणमोर, नर. अकरा उड्या. फोटो न्हाई. ताईला लगीच फोन केला.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “केला व्हता का न्हाई?”

केला होता, मी म्हटलं. आणि यादीत लिहिलं – निरीक्षक दस्तगीर मुलाणी, पुरावा निरीक्षकाचा शब्द.

बाहेर विजेच्या तारेवर वेडा राघू बसला होता. निकमांनी कॅमेरा उचलला. स्क्रीनवर तार होती आणि तारेवर राघू. ते तिथेच पायरीवर बसले, रडले. मग मीही फोटो घेतला.

माझ्या स्क्रीनवर नुसती तार होती.

कार्ड बदललं. निकमांचा कॅमेरा घेऊन पाहिला. तीच तार. राघू समोरच होता – एकदा उडाला, माशी धरून त्याच जागी परत बसला.

याला पाच महिने झाले. माझ्या कॅमेऱ्यात एकही पक्षी आलेला नाही. कारण विचाराल तर मला आजही देता येत नाही. दुरुस्तीवालाही देऊ शकला नाही. पण निकमांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली नव्हती – चाचांची जागा त्यांना कशी कळली. ते माझं नाव घेतील म्हणून मी खाली मान घालून बसले होते. त्यांनी घेतलं नाही. मीही बोलले नाही.

जागा मी दिली होती. त्याच शनिवारी दुपारी निकमांनी पडताळणीसाठी म्हणून मागितली आणि मी पाठवली.

शबानाला हे अजून माहीत नाही. हे ज्या अंकात छापून येईल तो हातात आला की, तो घेऊन मी पलूसला जाणार आहे. कॅमेरा नेणार नाही.