ओसाड जागेचा माळी

चौलच्या वाड्यांत धर्माची निम्मी हयात गेली होती. पोफळीला पाणी लावावं, केळीच्या बुडाशी फुटलेले मोने काढून दुसरीकडे लावावेत, अबोलीचे वाफे खुरपावेत. यापलीकडे त्याला काही येत नव्हतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. अशा माणसाला म्युनिसिपालटीनं नोकरी दिली, हीच मुळात चूक झाली.

म्युनिसिपालटी खाडीकाठच्या एका बंदराची. नाव कशाला हवं, ती मंडळी अजून तिथेच नांदताहेत. एकतीस साली तिथले प्रेसिडेंट दिनानाथ वकील मुंबईची राणीची बाग सहकुटुंब पाहून आले आणि आपल्या गावालाही सार्वजनिक बाग हवी असं त्यांच्या मनानं घेतलं. ठराव झाला, टाळ्या झाल्या, खाडीलगतचा एक खारट तुकडा नेमला गेला, जिथे गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. निम्मे पैसे जिल्ह्याकडून यायचे होते. जिल्ह्याची अट अशी, की अनुदान हवं तर आधी माळी नेमलेला पाहिजे. रोप नाही, पाणी नाही, कुंपण नाही, पण माळी हवा. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय.

"सध्या नुसता बस," वकिलांनी धर्माला सांगितलं. "ढोरं हाक. पोरांना आत येऊ देऊ नकोस. मंजुरी आली की बघू."

महिनाभर तो बसला. मग बायकोला म्हणाला, "येसू, बसून खाल्लेलं अंगी लागत न्हाय गो."

"मग लावा की कायतरी," येसूबाई म्हणाली. "तुमाला काय कुणी बांधून ठेवलंय?"

झालं. पहिल्या वर्षी नवरा-बायकोनं शेतातली गोडी माती डोक्यावरच्या टोपल्यांनी आणून वाफे भरले आणि त्यात वाळल्या मासळीचा चुरा खत म्हणून घातला. पाणी येसूबाई कोंडवाड्यामागच्या विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायची. दुसऱ्या वर्षी अबोली फुलली, जास्वंदीचं कुंपण झालं. तिसऱ्या वर्षी केळी व्याल्या, पोरं लपाछपी खेळायला येऊ लागली आणि बाजारच्या बायका टोपल्या उतरवून सावलीला टेकू लागल्या. पोरांना हाकायचा हुकूम धर्मा साफ विसरला. म्युनिसिपालटीचा छदाम लागला नाही, म्हणून म्युनिसिपालटीच्या कागदावर ती बाग कधी आली नाही. वकील रोज संध्याकाळी तिथे फिरायला यायचे, शेवंतीचं फूल कोटाला लावायचे आणि बागेची मंजुरी अजून कशी येत नाही म्हणून हळहळायचे.

चौतीस साली जिल्ह्याचं पत्र आलं. साहेब जागा पाहणार, मग रक्कम देणार. वकिलांनी आपला जुना अर्ज काढून वाचला आणि त्यांना घाम फुटला. अर्जात लिहिलं होतं, 'सदर जागा पूर्णपणे ओसाड आहे.'

"धर्मा, हे सगळं काढून टाक."

"काय काढू?"

"झाडं. साहेबाला बाग दिसली तर तो बागेला पैसे कसे देईल? अरे, मग खरी बाग करू. कारंजं बसवू, मुंबईहून गुलाब आणू."

"मंग ही काय खोटी हाय, रावसाहेब?"

वकील माणूस म्हणून वाईट नव्हते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही कागदावर नाही ना, बाबा. आणि साहेबापुढे तोंड उघडू नकोस. उघडलंस तर माझी अब्रू जाईल."

तीन वर्षांचं तीन दिवसांत उपटलं. थोडी रोपं बाजारच्या बायकांनी नेली, बाकीची खाडीत गेली. घडावर आलेली केळ म्हणजे लेकुरवाळी, तिच्यावर कोयता चालवणार नाही, असं म्हणून येसूबाई रडत घरी गेली. धर्मानंच ती कापली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. तरी माती काळीभोर दिसतच होती, तेव्हा वकिलांनी वरून खाडीचा गाळ चार गाड्या पसरला. उन्हानं गाळ वाळून मिठाचा पांढरा थर धरला. जागा अगदी अर्जाबरहुकूम झाली.

साहेब आला. त्यानं चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकून टाकली.

"इथे बाग? हे तर नुसतं मीठ आहे."

वकिलांचा चेहरा उतरला. खालची माती चांगली आहे म्हणावं, तर ती तिथे आली कशी ते सांगावं लागणार. साहेब धर्माकडे वळला.

"माळी तू? किती वर्षं?"

"तीन सरली."

"इथे काही उगवतं का?"

सगळं धर्माच्या ओठांवर आलं होतं. वकील पाठीमागून त्याच्याकडे गयावया करून बघत होते.

"लावलं तर येतंय, सायेब."

"मग तू काय लावलंस?"

धर्मानं मान खाली घातली. "कायबी न्हाय."

साहेबानं वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी हुकूम आला: जमीन बागेस निरुपयोगी, अनुदान नामंजूर, माळ्याची जागा रद्द. हेडक्लार्क तो धर्माला वाचून दाखवताना शेवटची ओळ गाळू पाहत होता, पण धर्मानं ती वाचायला लावली. मग तो घरी गेला.

"काय लिवलंय?" येसूबाईनं विचारलं.

"माळी आळशी हाय. तीन वरसांत एक रोप लावलं न्हाय."

"मेल्यांनो! असं कुणी सांगितलं त्यांना?"

"मीच," धर्मा म्हणाला.