इंजिनाच्या काचा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. नणंदेला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझं कौतुक करायला आमच्या घरी येणार नाही — आणि त्या कौतुकाचा मला आता वीट आलाय. "सासऱ्यांना किती सांभाळतेस!" सांभाळते. म्हणजे काय करते, ते ऐका.

सासरे — त्यांना सगळेच अण्णा म्हणतात — रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि त्यांनी एक खेळण्यातलं डिझेल इंजिन आणलं. खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही, मॉडेल म्हणायचं. वीतभर लांब, ते चालवायचे त्याच जातीचं. मला वाटलं, कपाटात ठेवतील, संपलं. पण हे छंदवाले विकत आणलेली वस्तू तशी ठेवतच नाहीत. प्लास्टिकचे कठडे तासून काढायचे आणि तिथे पितळी तारेचे बसवायचे. दिवा बदलायचा, भोंगा बदलायचा. ब्रेकच्या नळ्या म्हणून केसाएवढ्या वायरी लोंबवायच्या. आणि सगळं मनासारखं झालं की वरून काजळी आणि तेलाचे डाग रंगवायचे! जन्मभर घरातलं मळलेलं धुणाऱ्या बाईने याला काय म्हणावं? मी मनात जे म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप बनवतो. केसभर फट दिसली तरी मी काम परत करते, कोणाचंही असो. हाताखालची माणसं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. फट ती फट.

अण्णांनाही हे ठाऊक होतं. म्हणून तर — म्हणून तर ते मलाच दाखवायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून दमून येतो, इंजिनाकडे न बघताच "मस्त" म्हणतो. त्याचं मस्त ते धरत नसत. मी सकाळी डबे भरत असले की ओट्यापाशी येऊन उभे राहायचे, तळहातावर इंजिन. "स्वल्प बघ गं. तुझा डोळा खरा." "स्वल्प" म्हणजे जरा; इतक्या वर्षांत इथली कानडी त्यांच्या बोलण्यात मुरलेली. त्यांचा मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची चालढकल चालली होती.

आणि मी म्हणायचे, "छान झालंय, अण्णा."

न बघता? तसं असतं तर बरं होतं. मी बघितलं होतं. कठड्याची एक दांडी आत, एक बाहेर — पडक्या कवळीसारखी. आणि केबिनच्या काचा! पारदर्शक प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे, ते त्यांनी सुपरग्लूने चिकटवले होते. त्याची वाफ बंद जागेत कोंडते आणि काच पांढरी पडते. लॅबमध्ये आम्ही तोच वापरतो. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच शिकवते. अण्णांना दिसत नव्हतं, कारण त्यांना सगळं जगच तसं दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं — काचांना साधा पांढरा गोंद लावा. एवढंच.

का नाही म्हटलं? मन दुखेल म्हणून? लोकांना तसंच वाटतं. नाही. चूक दाखवली की "मग कसं करू?" म्हणतील, आणि मला त्या खेळण्यापुढे बसावं लागेल. हे एक. दुसरं — लहान मूल मातीचा लाडू आणून दाखवतं, त्यात आपण फट शोधतो का? लॅबमधल्या कालच्या पोरीचं काम मी परत करत होते, म्हणजे तिला माणसात धरत होते. अण्णांना नाही.

मग बेळ्ळंदूरचं मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आलं, एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला; इंजिन बुटांच्या खोक्यात, कापसात; सोबतीला मी. तिथे सगळे सर्जापूर रोडवरचे आयटीतले साहेब, परदेशातून मागवलेली इंजिनं मांडून, गळ्यात बिल्ले अडकवून. जणू सगळी रेल्वे हेच चालवतात. खऱ्या इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवलेला एक नसेल. त्यातल्या एकाने अण्णांचं इंजिन उचलून डोळ्यांशी नेलं. "अंकल, ड्रायव्हरला पुढचं दिसत होतं का? आत नुसतं धुकं आहे!" दुसऱ्याला कठडे बघून अपघात आठवला. हसले.

अण्णा डगमगले नाहीत. म्हणाले, "माझ्या सुनेने एकेक भाग तपासलाय. दातांच्या लॅबमध्ये असते ती. तिच्या डोळ्याखालून चूक सुटत नाही."

सगळे माझ्याकडे वळले.

आता सांगते. त्या माणसांची किंमत माझ्या लेखी कवडीची नव्हती. तरी त्यांच्यापुढे माझ्या डोळ्याची अब्रू जाऊ नये म्हणून मी हसले — हो, हसले — आणि म्हटलं, "मी सांगितलं होतं त्यांना. ऐकतात कुठे? या वयात..." आणि खांदे उडवले.

ते पुन्हा हसले, या वेळी माझ्यासोबत. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. इंजिन उचललं, कापसात ठेवलं, झाकण लावलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. परतताना रिंगरोडच्या गर्दीत रिक्षा अडकून पडली होती. खोकं त्यांच्या मांडीवर. बोलायला वेळ भरपूर होता. मी रिक्षाचं मीटर बघत बसले.

ऑपरेशन त्यांनी मग मुकाट्याने करून घेतलं. दिसायला लागलं तसे एका सकाळी गॅलरीच्या उजेडात इंजिन घेऊन बसले. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी काचेवर नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. पांढरं जाईना. मी काय बघितलं होतं आणि काय म्हटलं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं — आणि ते कळताना मी चिमटे लावत उभी होते.

त्यांनी काचा काढल्या, कठडे उपटले, सगळं पहिल्यापासून केलं. फार महिने लागले. ओट्यापाशी एकदाही आले नाहीत.

परवा नणंद आली होती. इंजिन हातात घेऊन तिने स्वयंपाकघरात हाक मारली, "वहिनी, बघितलंस का? कसं झालंय गं?" मी हात पुसत बाहेर आले, तोंड उघडलं — आणि अण्णा वर न बघता म्हणाले, "तिला नको विचारू. ती छानच म्हणेल."

नणंद हसली. तिला ते सुनेचं कौतुक वाटलं.

मी तिच्या हातातल्या इंजिनाकडे बघितलं. कठडे सरळ होते. काचेतून आतली ड्रायव्हरची खुर्ची दिसत होती. केसभरही फट नव्हती.