केकवरचं दुसरं नाव

मैत्रिणींनो, आज दुपारपासून ओव्हन लावायला हात धजत नाही.

मी महाळुंगे पडवळला घरीच केक करते आणि प्रत्येक केकचा फोटो स्टेटसला ठेवते. ऑर्डरी त्यावरच येतात. व्हॅलेंटाइनला आमच्या गावातली ऋतुजा हार्ट शेपचा केक घेऊन गेली. वर तिचं नाव आणि अक्षयचं. लाजत म्हणाली, "ताई, त्याचं नाव जरा मोठं काढा."

लई गोड दिसत होता केक. सवयीनं स्टेटसला टाकला. तिचे चुलतेही माझं स्टेटस बघतात, हे डोक्यातच आलं नाही.

त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून पोरीचं कॉलेज बंद, फोन बंद.

आज त्या चुलत्यांचाच फोन आला. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण आवाज एकदम गोड.

"ताई, रविवारी आमच्या ऋतुजाचा साखरपुडा हाय. केक तसलाच करा, लई भारी व्हता. पोराचं नाव तेवढं दुसरं टाका."

माझ्या तोंडून "बरं" निघून गेलं.

"आन् ताई, फोटो स्टेटसला ठेवा बरं का. समद्यांना दिसला पायजे."

तुम्ही असता तर केला असता का हा केक?